ठाणे, व्हाया माद्रिद

डोंबिवलीच्या कुठल्याही टर्फवर जा, रिअल माद्रिदची जर्सी घातलेला एखादा तरी भेटतोच. ‘रिअल’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘राजाचा’. पण स्पेनच्या तीन राजांनी साठ वर्षं आपल्या ठाण्यावर राज्य केलं, हे कितीजणांना माहितीये?

झालं असं, की गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. ठाणे साष्टी बेटावरचं, त्यामुळे तेही गेलं. पुढे १५७८ मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा मोरोक्कोतल्या लढाईत मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांनी गादी गेली त्याच्या नातलगाकडे, म्हणजे स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे. फिलिपाइन्सला ज्याचं नाव मिळालं, तोच हा. म्हणजे १५८० ते १६४० या काळात मनिला आणि ठाणे यांचा राजा एकच!

मग ठाण्यात स्पॅनिश अधिकारी आले का? नाही. १५८१ मध्ये फिलिपने पोर्तुगीज सरदारांना शब्द दिला होता, की तुमच्या वसाहती तुमचीच माणसं चालवतील. मालक एक, ऑफिसं दोन! मनिलाचा कारभार मेक्सिकोतल्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. ठाण्याचा कारभार वसईच्या कॅप्टनकडे, त्याच्यावर गोव्याचा व्हाइसरॉय, आणि त्याच्याही वर लिस्बन. जहाजाने पत्र जाऊन उत्तर यायला दीड-दोन वर्षं सहज लागायची. १६४० च्या डिसेंबरमध्ये पोर्तुगालने स्पेनचं जोखड फेकलं, ती बातमी गोव्यात पोचायला १६४१ उजाडलं.

इतक्या लांबच्या राजाचं इथे चालायचं कसं? तर गावांच्या पट्ट्यांवर. सरकार एखादं गाव पोर्तुगीज सरदाराला, बहुतेकदा तीन पिढ्यांसाठी, लावून द्यायचं. त्याने ठरलेला खंड भरायचा, आणि वेळ पडली तर घोडा आणि शस्त्रं घेऊन हजर व्हायचं. या खंडाला म्हणायचे ‘फोरो’. मुंबईच्या फोरास रोडचं नाव त्यावरूनच आलं. राजा बदलला, पट्टेदार तेच राहिले. भात पिकवणारा कुणबी, मिठागरात राबणारा आगरी, जाळं टाकणारा कोळी यांच्यासाठी सरकार म्हणजे दारात वसुलीला येणारा माणूस. तो लिस्बनचा की माद्रिदचा, याने त्यांच्या ताटात काय फरक पडणार होता?

बरं, कल्याण या राज्यात नव्हतं. पोर्तुगीजांनी तिथे हल्ले केले, पण ते टिकले नाहीत. कल्याण आधी निजामशाहीकडे, मग आदिलशाहीकडे होतं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतलं. खाडीपलीकडे बेलापूरसारखी पोर्तुगीज ठाणी होती, तरी मोठी हद्द खाडीचीच. ठाणे सोडून लोकल कळव्याच्या पुलावर येते, तेव्हा आपण रोज ही जुनी सरहद्द ओलांडतो. पास दाखवायचा तो फक्त टीसीला!

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला १७३० मध्ये. तो पूर्ण होण्याआधीच, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकलं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या किल्ल्यात आज ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. गंमत म्हणजे ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीजच. ‘पगार’, ‘चावी’ आणि ‘बादली’सुद्धा.

एमपीएससीच्या पुस्तकात स्पेनची ही साठ वर्षं एका ओळीतही बसतील. पण राज्य कोणाचं, हे नकाशावर बघायचं, आणि ते कसं चाललं, हे जमिनीच्या कागदावर. घोडबंदर रोडवर टॉवर उभे राहताहेत, ती माजिवडा, कोलशेत ही गावं याच साष्टीवरची. तिथे जमीन कोणाच्या नावावर आणि घाम कोणाचा, हा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे.

एखाद्या रविवारी कोपरहून दिवा-वसई गाडी पकडा आणि वसईचा किल्ला बघून या. ठाण्याचा कारभार तिथूनच चालायचा.