इंग्रजींतील विशेषणांचा क्रम

निबंधाच्या वहींत 'अ रेड बिग बॉल' असें लिहिलेलें दिसलें कीं शिक्षक त्याखालीं तांबडी रेघ ओढतात. मुलगा घरीं जाऊन ती रेघ पाहत बसतो. स्पेलिंग बरोबर, अर्थ बरोबर. मग चुकलें तें काय? वडिलांस विचारावें, तर ते म्हणतात, "लाल मोठा म्हण कीं मोठा लाल म्हण, चेंडू तोच!" मराठीपुरतें हें उत्तर खरें आहे. परंतु त्यानें मुलाचें समाधान होत नाहीं, आणि इंग्रजी ही लहरी भाषा, ती आपल्याला येणारच नाहीं, अशी त्याच्या मनानें गांठ बांधली जाते. विद्यार्थिमित्रांनो, ही गांठ सुटण्यासारखी आहे.

इंग्रजींत बोलणाऱ्याचें मत सांगणारें विशेषण बहुधा प्रथम येतें; त्यामागून आकारमान, वय, आकृति, रंग, मूळ देश, आणि नामाला अगदीं चिकटून पदार्थ व उपयोग. 'अ ब्यूटिफुल स्मॉल ब्राउन वुडन बॉक्स' हें उदाहरण घ्या. (इतकीं विशेषणें एका पेटीवर कोणी शहाणा मनुष्य लादीत नाहीं, दोनतीन पुरेत.) पेटी लाकडाची आहे हें कोणासहि नाकारतां येणार नाहीं. ती तपकिरी आहे हेंहि बहुतेक मान्य करतील. लहान कीं मोठी, हें मात्र ती कशाशेजारीं ठेवली आहे त्यावर अवलंबून. आणि सुंदर कीं कसें, तें ज्याचें त्यानें ठरवावें. म्हणजे वस्तूच्या अंगचा गुण नामाजवळ, आणि पाहणाऱ्याच्या मनांतला गुण दूर. 'हायस्कूल' हा शब्दच पाहा. येथें 'हाय' नामाशीं एकजीव झाला आहे, म्हणून 'ॲन ओल्ड हायस्कूल' असेंच म्हणावें लागतें. 'अ हाय ओल्ड स्कूल' म्हटल्यास उंच इमारतीची जुनी शाळा डोळ्यांपुढें उभी राहील!

इंग्रज मुलें हा क्रम पाठ करीत नाहींत. तो त्यांच्या कानीं घरींच पडतो. जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्ड येथें इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९५५ सालीं कवि ऑडन यांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं आपल्या सुमारें सातव्या वर्षींची आठवण दिली आहे. त्यांनीं एका ड्रॅगनची गोष्ट लिहिली होती. आई ड्रॅगनविषयीं कांहींच बोलली नाहीं. 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हणतां येत नाहीं, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणावें लागतें, एवढेंच तिनें सांगितलें. असें कां, हें कोडें प्राध्यापकांस पत्र लिहितांनाहि सुटलेलें नव्हतें.

नियमास अपवाद आहेतच. 'बिग बॅड वूल्फ' यांत मतदर्शक 'बॅड' मागें पडला आहे. 'झिगझॅग'प्रमाणें 'इ'मागून 'अॅ' हा स्वर कानास गोड लागतो, हें त्याचें एक कारण सांगतात. तसेंच मोठे चेंडू पुष्कळ असून त्यांतला निळा नको, लालच हवा असेल, तर 'रेड'वर जोर देऊन 'द रेड बिग बॉल' म्हणतां येतें. तेव्हां रेघ ओढण्यापूर्वीं शिक्षकांनींहि मागचें वाक्य वाचलेलें बरें.

आपल्या मुलांची याहून ठळक चूक निराळीच आहे. मराठींत 'माझें हें पुस्तक' शुद्ध आहे, म्हणून तीं 'माय धिस बुक' लिहितात. इंग्रजींत 'माय' आणि 'धिस' यांस नामापूर्वीं एकच आसन असतें. एक बसला कीं दुसऱ्यास मागें जावें लागतें: 'धिस बुक ऑफ माइन'.