मोठे जहाज तापीत का शिरत नाही?



मे २०२५ मध्ये आपल्या शहराचे नाव धारण करणारी ‘आयएनएस सुरत’ ही युद्धनौका हजिऱ्याला येऊन गेली. तेव्हा काही मुलांनी आम्हाला विचारले, “ती तापीतून थेट किल्ल्यापर्यंत का आली नाही? पूर्वी सुरत एवढे मोठे बंदर होते ना?” प्रश्न चांगला आहे. त्याच्या उत्तरात युद्धनौकांचे सारे शास्त्र दडलेले आहे.

तापीच्या मुखाशी गाळ आणि वाळू साचते. त्यामुळे मोठी जहाजे पूर्वीही शहरापर्यंत येत नसत. ती सुवालीजवळ समुद्रात नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून किंवा गाड्यांतून शहरात येई. १६१५ साली इंग्रज कप्तान डाउंटन याने आपली जहाजे सुवालीच्या वाळूच्या पट्ट्याआड उभी केली. पोर्तुगीजांची भली मोठी लढाऊ जहाजे त्या उथळ पाण्यात शिरू शकली नाहीत. मोठेपणाच त्यांना आड आला!

आपल्या मराठी आरमाराने हे नेमके ओळखले होते. शिवाजी महाराजांनी उभारलेल्या आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी गाजविलेल्या या आरमारात गुराबा आणि गलबते मुख्य होती. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत असे. तिला पाणी थोडे लागे. पुढच्या टोकाला ९ किंवा १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा समोर रोखलेल्या असत. गलबत त्याहून लहान, सहसा ७० टनांच्या आत. त्याला ४०-५० वल्ही असत. वारा पडला की शिडाचे परदेशी जहाज जागीच अडकून पडे. मग वल्ह्यांची गलबते गुराबांना दोरांनी ओढीत शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, कारण तेथे त्याच्या तोफा कमी असत.

मग आपली जहाजे सर्वांत उत्तम होती काय? तसे म्हणणे खरे होणार नाही. उथळ तळाचे जहाज खाडीत चपळ असते, पण भर समुद्रात वाऱ्याबरोबर बाजूला घसरते. हलक्या बांध्यावर जड तोफाही फार चढवता येत नाहीत. वजन, वेग, तोफा आणि पाण्याची खोली यांपैकी एक वाढवले की दुसरे घटते. हा हिशेब चुकला तर काय होते? स्वीडनच्या राजाने ६४ तोफांचे ‘वासा’ जहाज बांधवले. ते वरून जड झाले आणि १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, स्टॉकहोम बंदरातच, वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाले.

आंग्र्यांच्या आरमाराचा शेवट मात्र केवळ जहाजांच्या उणिवेमुळे झाला नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांची जहाजे एकमेकांजवळ उभी असताना इंग्रजांच्या तोफगोळ्याने आग लागली आणि बहुतेक आरमार जळून गेले. दुःखाची गोष्ट ही, की त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. घरच्या भांडणात किनाऱ्याचे रक्षण करणारे आपलेच आरमार आपण गमावले. कोणताही सुतार या उणिवेवर उपाय करू शकला नसता.

आजची ‘आयएनएस सुरत’ १६३ मीटर लांब आणि सुमारे ७,४०० टनांची आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत ती बांधली गेली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. ती खोल समुद्रासाठी आहे, तापीसाठी नाही.

पालकांना विनंती, की सुट्टीत मुलांना ओहोटीच्या वेळी सुवालीच्या किनाऱ्यावर न्यावे. पाणी किती मागे सरते ते लांबूनच पाहिले, तरी वरच्या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच देतील.