हेडफोन घ्यायचा, पण कोणता?

गेल्या श्रावणात एक गृहस्थ आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. तक्रार साधीच होती : उजवा कान खाजतो, थोडा दुखतो. तपासले तर पावसाळ्यात नेहमी दिसणारा प्रकार, कानाच्या नळीत बुरशी. मी औषध लिहीत असताना वडिलांनी सहज विचारले, "डॉक्टर, याचे इअरफोन बिघडलेत. नवे घ्यायचे आहेत, पण दीड-दोन हजारांच्या वर जाता येणार नाही. कानाला त्रास न होणारे कोणते घ्यावेत?" गाणी केव्हा ऐकतोस, असे मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "गाडीत. बदलापूर ते दादर, जाता-येता. उतरल्यावर थोडा वेळ कान बधिर वाटतात. पण कॉलेजात पोचेपर्यंत ठीक होतात."

बुरशीपेक्षा या शेवटच्या वाक्याची मला अधिक काळजी वाटली. कान बरा होताच श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितले. चाचणीच्या आलेखात दोन्ही कानांची रेषा 4000 हर्ट्झपाशी खाली झुकलेली होती आणि 8000 पाशी पुन्हा वर आलेली होती. अशी खाच बहुधा मोठ्या आवाजाने होणाऱ्या हानीची खूण असते. यंत्रमागावर किंवा पत्र्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगारांच्या आलेखात ती पूर्वीपासून दिसत आली आहे. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या आलेखात ती दिसावी, हे मनाला लागले. "यावर औषध काय?" हा वडिलांचा प्रश्न स्वाभाविक होता. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अंतःकर्णात, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्यात, सूक्ष्म तंतू धारण करणाऱ्या सुमारे पंधरा हजार श्रवणपेशी असतात. जन्मतः मिळालेला हा साठा आयुष्यभर पुरवायचा असतो. माणसात त्या पेशी नव्याने उगवत नाहीत. कान बधिर होऊन पुन्हा मोकळा होतो तेव्हा थकलेल्या पेशी सावरलेल्या असतात, एवढाच त्याचा अर्थ. दररोज थकवल्या तर त्यांतील काही पुन्हा सावरत नाहीत.

म्हणून हेडफोनच्या किमतीकडे वळण्यापूर्वी एक हिशेब समजून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास, अशी ऐकण्याची मर्यादा सुचवली आहे. लहान मुलांसाठी तितक्याच तासांना पातळी 75 डेसिबल. डेसिबलचे मोजमाप मात्र आपल्या रोजच्या बेरजेसारखे नसते. आवाज 3 डेसिबलने वाढला की त्यातील ऊर्जा दुप्पट होते, आणि ऐकण्याची मुभा निम्म्यावर येते. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5, 92 ला अडीच तास. या मुलाच्या फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची अंदाजे पातळी दाखवण्याची सोय होती. आम्ही ती उघडून पाहिली. गाडीतल्या वेळेची सरासरी 92 च्या आसपास होती. सव्वा तास जाण्याचा, सव्वा तास येण्याचा. म्हणजे त्याचा आठवड्याचा शिधा सोमवारी संध्याकाळी बदलापूरला उतरतानाच संपत होता आणि पुढचे चार दिवस उधारीवर चालत होते.

मुलगा बेफिकीर होता, असे मात्र मी म्हणणार नाही. घरी त्याच फोनवर तो पुष्कळ हळू ऐकत असे. चालत्या लोकलमध्ये उघड्या दारातून येणारा चाकांचा खडखडाट, पंखे आणि गर्दीचा कलकलाट यांच्या वर गाणे ऐकू यावे म्हणून बोट आपोआप आवाज वाढवत जाते. त्याचे जुने इअरफोन कानाच्या तोंडाशी नुसते अडकणारे, कठीण प्लास्टिकचे होते. त्यांच्या कडेने बाहेरचा गोंगाट मोकळेपणी आत येई. थोडक्यात, तो गाण्याचा आवाज ठरवत नव्हता. गाडी ठरवत होती.

प्रवासासाठी हेडफोन निवडताना माझी पहिली अट हीच असते : बाहेरचा आवाज तो किती अडवतो? कानाच्या नळीत बसणारे, मऊ सिलिकॉनच्या टोप्यांचे साधे वायरचे इअरफोन आज हजार-दोन हजार रुपयांत फार चांगले मिळतात, आणि नीट बसले तर बाहेरचा गोंगाट 15 डेसिबल किंवा त्याहूनही अधिक घटवू शकतात. वरचा हिशेब पुन्हा मांडून पाहा. 95 डेसिबलवर मुभा सव्वा तासाची. तेच गाणे 15 डेसिबल खाली, म्हणजे 80 वर, ऐकता आले तर 40 तासांची. बत्तीस पट फरक, आणि तो दीडशे-दोनशे मिलिग्रॅमच्या एका रबरी टोपीने पडतो.

"नीट बसले तर" या शब्दांकडे दुर्लक्ष करू नये. डबीत लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्यांच्या तीन जोड्या असतात. बहुतेक जण आधीच चढवलेली मध्यम जोडी बदलतही नाहीत. वास्तविक अनेकांच्या डाव्या आणि उजव्या कानाची नळीही सारख्या मापाची नसते. एका कानात मध्यम, दुसऱ्यात लहान टोपी घालण्यात काही वावगे नाही. परीक्षा सोपी आहे. इअरफोन घालून, गाणे न लावता, मोठ्याने चार वाक्ये बोलावीत. आपलाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला तर नळी बंद झाली आहे. घुमला नाही तर कुठेतरी फट आहे. या फटीतून सर्वांत आधी खर्जाचे सूर निसटतात, गाणे पातळ वाटू लागते आणि ती उणीव आपण आवाज वाढवून भरून काढू पाहतो.

खर्जावरून आठवले. स्वस्त हेडफोनच्या खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' असे ठळक छापलेले असते आणि दुकानातला विक्रेताही तेच आधी सांगतो. मी ते गुण म्हणून धरत नाही. जाड, फुगवलेला खर्ज वरच्या सुरांना झाकून टाकतो, हा आपल्या कानाचाच धर्म आहे. मग शब्द स्पष्ट यावेत म्हणून ऐकणारा सगळाच आवाज चढवतो. निवड करताना तबल्यासह गायलेला एखादा ख्याल लावून पाहावा. किशोरी आमोणकरांचा भूप किंवा भीमसेन जोशींचे कुठलेही ध्वनिमुद्रण चालेल, फक्त आपल्या चांगल्या परिचयाचे हवे. हळू आवाजातही तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते का? बायाची घुमक गायकाच्या अंगावर धावून येते, की आपल्या जागी राहते? हळू लावल्यावर जो हेडफोन गोड वाटतो तो घ्यावा. दुकानात मोठ्याने लावल्यावर सगळेच गोड वाटतात.

बाहेरचा आवाज विजेच्या साहाय्याने खोडून काढणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनचे, हेडफोन आता बरेच स्वस्त झाले आहेत. इंजिन, पंखा, विमान यांची एकसुरी घरघर ते चांगली कमी करतात. माणसांचे बोलणे किंवा अचानक होणारा खणखणाट तितका नाही. स्वस्तातल्या जोड्यांत हे काम कुठे उत्तम, कुठे नावापुरते. शिवाय बिनतारी इअरबडमधील चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुधा बदलता येत नाही. ज्याचे अंदाजपत्रक दोन हजारांचे आहे, त्याला मी अजूनही वायरचेच सुचवतो. नव्या फोनला हेडफोनचे गोल छिद्र नसेल तर टाइप-सी जोडणीचे इअरफोन घ्यावेत किंवा छोटा अडॅप्टर वापरावा. खोक्यावर 16 किंवा 32 ओहम असा आकडा असेल तर फोनवर ते सहज वाजतात. 250-300 ओहमचे हेडफोन फोनसाठी नव्हेत.

घरातली गोष्ट निराळी. तिथे गोंगाट अडवायचा नसतो; उलट दाराची घंटा, कुकरची शिटी, बाळाचे रडणे कानी पडलेच पाहिजे. मागची बाजू जाळीदार असलेले, ज्यांना ओपन-बॅक म्हणतात ते हेडफोन घरी उत्तम. सेनहायझर या जर्मन कंपनीने 1968 मध्ये पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा एचडी 414 बाजारात आणला, तेव्हापासून ही जात लोकप्रिय आहे. त्यात गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही, कान घामेजत नाही आणि नळीत काहीच खुपसले जात नाही. गाडीत मात्र ते निरुपयोगी. बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपले गाणे शेजाऱ्याला ऐकू जाते. दोन्ही ठिकाणी एकच हेडफोन वापरण्याचा हट्ट पुष्कळदा महागात पडतो. एका तीन हजारांच्या जोडीऐवजी हजार-दीड हजारांच्या दोन वेगळ्या जोड्या अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

घरात आणखी एक प्रसंग येतो. आजोबा दूरदर्शन संचाचा आवाज चढवतात, नातवंडांचा अभ्यास अडतो, म्हणून त्यांना हेडफोन आणून दिला जातो. शांततेसाठी उपाय चांगला. पण आजोबांना 'स', 'श', 'फ' ही अक्षरे नीट ऐकू येत नसतील, तर तो वयोमानाने आलेला श्रवणदोष असू शकतो. आधी चाचणी करावी. हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे, आणि तो देऊन आपण दोष फक्त घरच्यांच्या दृष्टीआड करतो.

आता पुन्हा त्या बुरशीकडे. नळीत बसणाऱ्या इअरफोनचा हा खरा तोटा. आत हवा खेळत नाही, घाम आणि ओल साचते, मळ आत ढकलला जातो. पावसाळ्यात भिजून आल्यावर कान कोरडा होईपर्यंत ते घालू नयेत. टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळवूनच परत लावाव्यात. एकमेकांचे इअरफोन वापरू नयेत, भावाबहिणींनीही. कान खाजला की खोबरेल तेल घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. बुरशी असेल तर त्याने ती आणखी पोसली जाते. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर नळीतले इअरफोन पूर्ण वर्ज्य. आणि एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत ऐकू येईनासे झाले तर मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा, कारण त्या आजारात उपचाराचे पहिले काही दिवसच मोलाचे असतात.

बाहेरचा आवाज अडवणारे साधन रूळ ओलांडताना, रस्त्यावर किंवा दुचाकीवर कानात असता कामा नये, हे मी त्या मुलाला दोनदा सांगितले.

त्याने शेवटी साडेबाराशे रुपयांचे वायरचे इअरफोन घेतले. उजव्या कानात लहान टोपी, डाव्यात मध्यम. पंधरा दिवसांनी फोन घेऊन दाखवायला आला तेव्हा गाडीतली सरासरी 79 वर उतरली होती. "गाणे आता जास्त नीट ऐकू येते," असे तो म्हणाला, जरा आश्चर्यानेच. उतरल्यावर कान बधिर होणे थांबले आहे. आलेखातली खाच मात्र आहे तिथेच राहणार. ती वाढली की नाही हे पाहण्यासाठी त्याची पुढची चाचणी येत्या डिसेंबरात ठेवली आहे. परवा त्याचे वडील स्वतःचा रक्तदाब तपासायला आले होते. खिशातून मुलाचे जुने, दुरुस्त करून आणलेले इअरफोन काढून त्यांनी मला विचारले, "हे मी गाडीत वापरले तर चालतील ना?"