तीन पैसे आणि पाच गुण

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा १९३३ सालची. उर्दू आणि हिंदी, दोन्ही भाषांत ती आजवर वाचली जाते. चार-पाच वर्षांचा अनाथ हमीद ईदच्या मेळ्यात जातो. खिशात तीन पैसे. सोबतची मुले मातीची खेळणी आणि मिठाई घेतात. हा दादीसाठी लोखंडी चिमटा आणतो. कथा छोटी आहे, पण मुलाला गोष्ट कळली की नाही हे तपासायला आम्हा शिक्षकांना याहून चांगली कथा क्वचितच मिळते.

हमीदजवळ किती पैसे होते, हे विचारले की सगळा वर्ग ‘तीन’ लिहितो. चिमटा का घेतला, तर ‘तव्यावरून रोटी उतरवताना दादीचे हात भाजत होते म्हणून’. हेही बरोबर, पण ते पुस्तकातच लिहिलेले आहे. बी.एड.ला आपण सर्वांनी संविधान तक्ता तयार केला, ज्ञान, आकलन, उपयोजन असे रकाने भरले; प्रत्यक्षात मात्र घटक चाचणीचे बहुतेक गुण पहिल्याच रकान्यात संपतात. गाईडमधले एकच वाक्य चाळीस पेपरांत दिसते, आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी!

म्हणून आम्ही प्रश्न थोडा वळवतो. ‘तू मोहसीन आहेस. ईदच्या रात्री अम्मीला दिवसभराची हकीकत सांग.’ ज्याने शेवटपर्यंत वाचले त्याला ठाऊक असते की मोहसीनचा भिश्ती घरी पोहोचताच बहिणीच्या हातून पडून फुटला आणि भावंडांची मारामारी झाली. जो लिहितो, ‘मी रात्री भिश्तीशी खेळत झोपलो’, त्याचे अक्षर मोत्यासारखे असले तरी कथा त्याने पुरी वाचलेली नाही.

दुसरा प्रश्न याहून कठीण: अमीना आधी चिडली, मग रडली, का? ‘तिला आनंद झाला’ हे उत्तर चूक नाही, अर्धे आहे. एका मुलीने लिहिले, ‘पोराने दुपारपर्यंत काही खाल्ले नाही म्हणून दादी चिडली. मग तिला कळले की तो लहान राहिलाच नाही, म्हणून रडली.’ पाचपैकी पाच. एका मुलाचे मत उलटे होते: हमीदने चुकीचे केले, दादीने पैसे त्याच्या खुशीसाठी दिले होते, आणि ते खर्च झाले नाहीत याचेच तिला दुःख झाले. हे मत आम्हाला पटत नाही. पण त्याने दादीचा राग कथेतूनच दाखवून दिला, म्हणून गुण पूर्ण दिले. कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ म्हणायचे आणि शिक्षकाच्या मताशी जुळले तरच गुण द्यायचे, याला काय अर्थ?

आपल्या मुलांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण येते. ईद त्यांच्या घरची. त्यामुळे हमीदविषयी लिहिता लिहिता ती आपले नवे कपडे, शीरखुर्मा, ईदी यांत रमतात. लिखाण गोड असते, पण त्यात हमीद कुठेच नसतो. ओळखीचा प्रसंग असला की कथा समजल्यासारखी वाटते.

आणि भाषा. उर्दूत नपुंसकलिंग नाही. उर्दू माध्यमाचे मूल मराठीच्या पेपरात ‘त्याने खेळणा घेतला नाही’ असे लिहिते. तपासणारा लाल शाईने ‘खेळणे’ करतो, एक गुण कापतो, आणि त्याच ओळीत मुलाने पकडलेली बारीक गोष्ट वाचायची राहून जाते. आम्ही आकलनाचे तीन आणि भाषेचे दोन गुण वेगळे ठेवतो. ज्याला मराठीत अडते त्याने आधी उर्दूत तोंडी सांगावे, मग लिहावे. यात लाड नाहीत. समज कमी आहे की शब्द कमी आहेत, हे कळल्याशिवाय शिकवायचे तरी काय?

काही घरांत विचारतात, मनगढंत किस्से वाचून काय फायदा? कुरआन शरीफमधले किस्से हक आहेत, कथाकाराची कथा रचलेली, हा फरक मुलांना जरूर सांगावा. पण हमीदच्या जागी उभे राहून दुसऱ्याच्या घरची चूल पाहता येणे, हा फायदा लहान नाही.

अम्मींना मराठी लिहिता येत नसले तरी बिघडत नाही. मुलाने धडा वाचला की रोट्या लाटता लाटता विचारा, ‘दुकानदाराने सहा पैसे सांगितले, मग पाच, हमीदने तीनलाच का मागितला?’ उत्तर आले की लगेच ‘शाब्बास’ म्हणू नका. ‘हे गोष्टीत कुठे आहे, दाखव पाहू,’ एवढेच म्हणा. मूल पुस्तक उघडून बोट ठेवते की इकडेतिकडे पाहते, हे दिसेलच.