महानगरातील मिथेनचा माग

मिथेनला रंग नाही, वासही नाही. पाइप गॅसचा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. हवेच्या दर दहा लाख भागांत मिथेन जेमतेम २ भाग असतो, पण २० वर्षांच्या काळात तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापमानवाढ घडवतो. वातावरणात तो सुमारे १२ वर्षेच टिकतो, त्यामुळे उगम रोखल्यास गुण लवकर येतो.

मुंबईत हे उगम एकमेकांना खेटून आहेत. कांजूरमार्गची कचराभूमी ठाणे खाडीला लागून आहे. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तिथे ओला कचरा कुजवणारे सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. खाडीच्या चिखलात आणि मलवाहिन्यांतही हेच घडते. शिवाय रस्त्यांखालून गॅसच्या वाहिन्या जातात.

शोध आकाशातून सुरू होतो. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण जवळजवळ रोज सारी पृथ्वी न्याहाळते, मात्र त्याच्या चित्रातला एक ठिपका काही किलोमीटरांचा असतो. नेमकी जागा जीएचजीसॅटचे उपग्रह दाखवतात. त्यांना सुमारे २५ मीटरपर्यंतचा तपशील टिपता येतो. मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्यूनोस आयर्स या शहरांचा असा जोड-अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कांजूरमार्गहून ताशी सुमारे ९.८ टन मिथेन निघत असल्याचा अंदाज होता. या शहरांचे एकूण उत्सर्जन प्रचलित नोंदींच्या १.४ ते २.६ पट भरले.

पावसाळी ढगांआडचे उपग्रहाला दिसत नाही. गल्लीतली बारीक गळतीही त्याच्या नजरेतून सुटते. तिथे गाडी लागते. पुढच्या बाजूच्या नळीतून हवा आत ओढली जाते, लेसरवर चालणारा विश्लेषक क्षणोक्षणी मिथेन मोजतो, जीपीएस जागा नोंदवतो. अमेरिकेतील बोस्टनच्या ७८५ मैल रस्त्यांवर अशा पाहणीत ३,३५६ गळत्या सापडल्या.

मिथेन सापडला तरी तो कुठला, हे ठरवायचे राहतेच. पाइप गॅसमध्ये थोडा इथेन असतो. कुजण्यातून आलेल्या वायूत तो जवळजवळ नसतो. सूक्ष्मजीवांच्या मिथेनमध्ये कार्बन-१३ हा जड समस्थानिकही सहसा कमी आढळतो. या दोन खुणा जुळल्या की निदान पक्के होते.

निदानावरच उपाय ठरतो. फुटलेली वाहिनी दुरुस्त करता येते. कचराभूमीत विहिरी खणून वायू ओढून घ्यावा लागतो. नव्या मिथेनला मात्र घरातच अटकाव करता येतो: ओला कचरा वेगळा ठेवावा आणि त्याचे खत व्हावे.