बारा आकड्यांचा बैल

चाकणच्या बाजाराची बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं एकाच साच्यात छापून येते. कांद्याची आवक, बटाट्याचा भाव, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि अगदी शेवटी जनावरं: जर्शी गाई इतक्या आल्या, इतक्या विकल्या; बैल इतके, म्हशी इतक्या, शेळ्या-मेंढ्या इतक्या. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी या जनावरांच्या त्वचारोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले आणि या बातमीचं शेपूट गळालं. ते परत उगवलं तेव्हा आमच्या संपादकांना प्रश्न पडला, की बाजार पुन्हा सुरू करायचं धाडस सरकारनं कशाच्या जोरावर केलं? “एमआयडीसीवर सगळेच लिहितात,” ते म्हणाले, “तुम्ही दावणीवर जा.”

शनिवारी सकाळी पुणे-नाशिक रस्त्यावरून चाकणला जाणं ही काही सुखाची गोष्ट नाही. गाड्यांचे सुटे भाग वाहणारे कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्या मधोमध पिकअपमध्ये आडवा बांधलेला खिल्लार, सगळे तळेगाव चौकाच्या दिशेनं सारख्याच गतीनं सरकत असतात. खेड बाजार समितीच्या इथल्या आवारात मात्र व्यवहार अजून जुन्या वळणाचा आहे. हेडे, म्हणजे जनावरांचे व्यापारी, बैलाचं तोंड उघडून दात बघतात. आदत, दुसा, चौसा असं वय तिथंच ठरतं. भाव रुमालाखाली बोटांनी होतो. नवीन गोष्ट एकच: दात बघून झाले की गिऱ्हाईक कान बघतं.

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, आणि सरकारी दवाखान्यात त्याच्यावर उपचारही होत नाहीत. बिल्ला म्हणजे पिवळी प्लॅस्टिकची पाटी, तिच्यावर बारा आकडी क्रमांक आणि बारकोड. माझी सगळी सकाळ या पाटीनंच खाल्ली.

ती कशी बसते हे मला खेड तालुक्यातल्या एका पशुधन पर्यवेक्षकांनी दाखवलं. श्रेणी-दोनच्या दवाखान्याचा कारभार हे लोक बघतात. पदवीनं डॉक्टर नसले तरी गावात त्यांना डॉक्टरच म्हणतात. बिल्ल्याचे दोन भाग असतात. पुढची पाटी आणि मागची गोल चकती, जिच्या मध्यावर टोकदार खिळा. दोन्ही पक्कडीत बसवायचे, जंतुनाशकात बुडवायचे, आणि कानाच्या दोन मोठ्या शिरांच्या मधली जागा अंगठ्यानं चाचपायची. शीर फुटली तर रक्त थांबता थांबत नाही, आणि जखम चिघळली तर माशा बसून अळ्या पडतात. कडेला फार सरकलं तर बैल झुडपात कान घासतो आणि बिल्ला कानाच्या तुकड्यासकट निघून येतो. म्हणून मधली ती जागा, रुपयाच्या नाण्याएवढी.

खोड्यात उभा होता एक दुसा गोऱ्हा, डोळे पांढरे करून. वेसण धरून त्याचे मालक.

“डॉक्टर, जरा बेतानं. बिथरला तर खोडा मोडंल.”

“मामा, तुम्ही वेसण सोडू नका. कान मी बघतो.”

पर्यवेक्षकांनी आधी नुसताच कान कुरवाळला. गोऱ्ह्यानं मान झटकली, मग विसरला. तेवढ्यात पक्कड मिटली. टक्. गोऱ्हा एक पाय मागं सरला, बस्स. मोबाईलवर बारकोड टिपला गेला, मामांचं नाव, गाव, नंबर, जनावराची जात, वय भरलं गेलं. “ह्याचं आधार कार्ड पाच मिन्टात झालं,” मामा म्हणाले, “माझ्या म्हातारीचं अजून आंगठ्यापाशी अडलंय.” आकडे दोन्हीकडे बाराच आहेत, हे खरं.

‘भारत पशुधन’ नावाच्या नोंदवहीत तो गोऱ्हा त्या क्षणी जन्माला आला. यापुढं त्याला लाळ्या-खुरकताची लस टोचली की त्या क्रमांकापुढं तारीख पडेल. २०१९ च्या सप्टेंबरात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला यांच्याविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली, २०३० पर्यंत लाळ्या-खुरकूत संपवायचं ठरलं, आणि त्यासाठी ही बिल्ल्यांची मांडणी. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच, आयुष्यात एकदा. ती टोचताना पर्यवेक्षक हातमोजे चढवतात, कारण लसीतला जंतू जिवंत असतो. सुई स्वतःच्या बोटात गेली तर ताप त्यांनाच यायचा. कच्च्या दुधातून, गाभडलेल्या गाईच्या वारेतून हा रोग माणसात येतो आणि अंगात मुरतो. बहुतेक वेळा त्याला टायफॉइड समजून औषध दिलं जातं.

सरकारी इतिहास थोडक्यात आटोपतो. भारतात जनावरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास पुण्यातच सुरू झाला: डिसेंबर १८८९ मध्ये इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली, आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. चार वर्षांनी ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. घाई होती ती बुळकांडीची. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर असा हद्दपार झालेला हा दुसराच. आज राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय, लस बनवणारी संस्था आणि पश्चिम भारतासाठीची रोगनिदान प्रयोगशाळा, सगळं औंधला एकवटलंय. मुळा ओलांडली की पलीकडे सांगवी, म्हणजे पिंपरी-चिंचवड.

आता लम्पीकडे. हा देवीच्या कुळातला विषाणू. माणसाला तो होत नाही, पण त्याच्या प्रवासाची रीत शिकण्यासारखी आहे. १९२९ मध्ये आफ्रिकेत आजच्या झांबियात तो पहिल्यांदा नोंदला गेला, भारतात ओडिशात २०१९ मध्ये. महाराष्ट्रात २०२२ च्या साथीची पहिली नोंद ४ ऑगस्टला, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावलला. चावऱ्या माशा, डास, गोचीड तो एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेतात. माशी फार लांब जात नाही, लांब जातो तो ट्रक. बाधा झाल्यावर गाठी दिसायला एक-दोन आठवडे लागू शकतात, आणि तेवढ्यात बैल तीन बाजार फिरून येतो. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पाय सुजलेले, गाय चारा सोडते. शेतकऱ्याला दिसतं ते हे. यंत्रणेला दिसायला हवं ते त्याच्या आधीचं, आणि ते दिसण्याचा मार्ग म्हणजे जनावर कुठून आलं हे ठाऊक असणं.

२००९ च्या कायद्यानं जनावरात संसर्गजन्य रोगाचा संशय आला तर मालकानं गावात कळवणं बंधनकारक आहे. तिथून दवाखाना, तिथून गाठीची खपली आणि रक्त प्रयोगशाळेत. तोवर लस आजाराच्या गावाभोवती पाच किलोमीटरच्या कड्यात. ही लस मूळची शेळ्यांच्या देवीची. विषाणू जवळचा असल्यानं ती गाईला चालते. पुढं कडं सोडून राज्यभरच टोचायचं ठरलं, आणि महाराष्ट्रात गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख. मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार भरपाई ठरली. भरपाई जाहीर झाल्यावर कळवणारे वाढले असं पर्यवेक्षक सांगतात, आणि मला ते पटतं. कायद्यानं जे होत नाही ते पंचनाम्यानं होतं.

त्या वर्षी या भागातला भाद्रपदी पोळा, २५ सप्टेंबरचा, मिरवणुकीविना गेला. बैलगाडा शर्यतीही थांबल्या. खेड-मावळात शर्यत थांबणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगूनही कळायचं नाही. सात वर्षांची बंदी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये उठवली होती, गाडामालकांनी लाखांचे बैल घेतले होते, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत चिखलीला जेसीबी आणि बोलेरोची बक्षिसं लागून गेली होती. आणि वर्षाच्या आत शर्यतींचे घाट पुन्हा ओस.

माझी काळजी इथून सुरू होते. बिल्ला मला मनापासून आवडला. स्वस्त आहे, त्याला बॅटरी लागत नाही, बैलाबरोबर तो चिखलात लोळतो. पण त्याच्या क्रमांकापुढं जे लिहिलंय तो पत्ता आहे, गोठ्याचा. आणि इथला बैल गोठ्यात बसत नाही. शर्यतीचा बैल हंगामात आज या घाटाला तर दोन दिवसांनी तिसऱ्या तालुक्यात. एका घाटावर शंभर-शंभर गाडे येतात, एकाच सावलीत बांधले जातात, एकाच हौदात पाणी पितात. लाळ्या-खुरकूत तर लाळेतूनच पसरतो. कोणता क्रमांक कोणत्या घाटाला, कधी होता, याची नोंद गाडामालकाच्या डोक्यात असते आणि ‘घाटाचा राजा’ ठरला तर यूट्यूबवर असते. रोगाच्या वहीत नसते.

विक्रीचं दुखणं वेगळं. बैल विकला की ॲपवर मालकी नव्या नावावर चढवायची असते. रुमालाखाली सौदा झाला, इसार दिला, पिकअप निघाली. मालकी चढवायला थांबतो कोण? बिल्ला बघितला जातो तो आहे की नाही एवढ्यापुरता. पर्यवेक्षकांनी मला त्यांच्या मोबाईलवर एका गोठ्याची यादी दाखवली: नोंदीत जनावरं सहा, दावणीला तीन, त्यातल्या एकाच्या कानात फाटलेलं भोक.

“मग ही तीन कुठं गेली?”

“एक मेली. दोन विकली. कुणाला, ते मालकाला आठवत नाही म्हणतो. कागदावर मी सहाही टोचायची.”

शर्यतीच्या बैलाच्या कानाला भोक पाडू द्यायलाच काही मालक तयार नसतात, शोभा जाते म्हणून. लसीच्या दिवशी दूध घटतं म्हणून गाईवाले गोठ्याला कुलूप लावतात. आणि पर्यवेक्षकांकडे स्वतःच्या दवाखान्याशिवाय शेजारच्याचाही भार आहे, तिथली जागा रिकामी म्हणून. महाराष्ट्रात हे वाक्य कुठल्याही खात्याच्या लेखात घालता येईल, त्यामुळे त्यावर थांबत नाही.

माणसांची यंत्रणा शहाणी असेल असं वाटून मी इंद्रायणी ओलांडून मोशी-भोसरीकडे आलो. डिसेंबर २०२१ मधली एक गोष्ट इथं अभिमानानं सांगतात, आणि ती अभिमानाचीच आहे. नायजेरियाहून पिंपरी-चिंचवडमध्ये भावाकडे आलेली एक महिला, तिच्या दोन मुली, भाऊ आणि त्याच्या दोन मुली अशा सहा जणांत ओमायक्रॉन सापडला. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं सुरू झालेली ही संस्था. डेंग्यूच्या चाचणीचे संच देशभर इथूनच जातात. सहा जण इतक्या लवकर सापडले, कारण विमानाचं तिकीट होतं, पासपोर्ट होता, कोण कधी कुठून आलं हे लिहिलेलं होतं.

आता त्याच शहरात पावसाळ्यातला डेंग्यू घ्या. नदीपलीकडच्या महाळुंगेच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करणारा मुलगा मोशीला चौघांत एक खोली करून राहतो. ताप येतो, खोलीजवळच्या खासगी दवाखान्यात जातो, डेंग्यूची एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह येते. दवाखान्यानं कळवलं तर, आणि हा ‘तर’ मोठा आहे, रोग सर्वेक्षणाच्या पोर्टलवर त्याची नोंद पडते. २००४ पासून ही साखळी आहे: आरोग्यसेविकेचा अर्ज वेगळा, डॉक्टरांचा वेगळा, प्रयोगशाळेचा वेगळा, आधी कागदावर आठवड्याला, २०२१ पासून ऑनलाइन. नोंद पडली की महापालिकेचे लोक पत्त्यावर येतात, पिंपं उपडी करतात, धूर मारतात.

पण डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. पहिल्या पाळीचा हा मुलगा तेव्हा मोशीत नसतोच. तो असतो कारखान्यात, जिथं कुंपणालगत भंगारातले ड्रम, जुने टायर, प्लॅस्टिकच्या पेट्या पावसानं भरलेल्या असतात. या डासाची अंडी कोरड्या ड्रमच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पहिल्या पावसात फुटतात. भंगार विकलं गेलं तर अंडी टेम्पोतून पुढच्या गोदामात. डास स्वतः सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. मोशीच्या खोलीत मारलेला धूर नदीपलीकडच्या ड्रमपर्यंत पोचत नाही, आणि नदीपलीकडे महापालिकेची हद्दच नाही; तिथं चाकण नगरपरिषद, जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रं, आणि कारखान्याच्या फाटकाआड एमआयडीसी. तापानं खचलेला मुलगा चौथ्या दिवशी रेल्वेनं गावी गेला तर तो बिहारच्या किंवा विदर्भाच्या आकड्यात धरला जातो, किंवा कुणाच्याच नाही.

अर्जात एक रकाना वाढवला तर यातलं बरंच सुधारेल असं माझं मत झालं: गेल्या दहा दिवसांत दिवसाचा वेळ कुठं घालवला? डेंग्यूची लागण चार ते दहा दिवस आधीची असते, म्हणून दहा. बैलासाठीही तेच, फक्त चौदा दिवस धरा. विचारायला पैसे लागत नाहीत. महापालिकेतल्या एका आरोग्य कर्मचाऱ्याला हे बोललो तर तो हसला. “कंपनीचं नाव लिहिलं की ठेकेदाराचा फोन येतो साहेब. पोरगं म्हणतं, लिहू नका, कामावरून काढतील.” पर्यवेक्षकांनाही विचारलं. शर्यतीच्या परवानगीबरोबर प्रत्येक बैलाचा क्रमांक घाटावरच टिपून घेता येईल, ते म्हणाले, मोबाईल तर सगळ्यांकडे आहे. फक्त त्या दिवशी घाटावर हजर राहायला माणूस हवा, आणि शर्यती बहुधा रविवारी असतात.