आडवाटेवरील हाक

पहाटे पुणे सोडलेला सायकलस्वार नगर रस्त्याने सुमारे ७० किलोमीटरांचे अंतर तोडून न्याहारीच्या वेळेस घोड नदीकाठच्या शिरूरला पोहोचतो. तेथून न्हावऱ्याची वाट धरून, पारगावाजवळ भीमा ओलांडून, तो दौंड तालुक्यातील चौफुला येथे सोलापूर रस्त्याला लागतो आणि दिवस मावळण्याच्या सुमारास घरी परततो. दीडशे किलोमीटरांहून अधिक असा हा फेरा आज पुण्यातील अनेक तरुणांस, किंबहुना पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांस व भगिनींसही, अवघड वाटत नाही. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या ज्या सफरी होतात, त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करावयाचे असतात; आणि मदतीची गाडी मागे न ठेवता स्वतःच्या बळावर जावयाचे, हा त्यांचा दंडकच आहे.

घरी राहणाऱ्यांच्या मनात मात्र एक प्रश्न घोळत असतो. समजा, दिवेलागणीच्या वेळी एखाद्या आडरस्त्यावर चाक खळग्यात गेले, स्वार पडला आणि खांद्याचे हाड मोडले. दोन्ही बाजूंस पुरुषभर उंच ऊस. माणसाची चाहूल नाही. आणि शिरूरच्या या उसात बिबट्यांचा वावर असल्याने रात्र उघड्यावर काढणे केवळ गैरसोयीचे नव्हे, तर धोक्याचे. खिशातील मोबाइल पाहावा, तर संकेताची एकही रेघ नाही. अशा वेळी हाक कोणास मारावयाची?

शिरूर आणि दौंड हे तालुके काही अरण्य नव्हेत. मोठी गावे आणि हमरस्ते मोबाइलच्या मनोऱ्यांनी वेढलेले आहेत. परंतु मनोऱ्याची पोहोच काही किलोमीटरांपुरतीच असते. मध्ये टेकाड आले, रस्ता ओढ्याच्या खोलगट भागात उतरला, अथवा वीज जाऊन मनोराच बंद पडला, की तेवढ्यापुरता माणूस जगापासून तुटतो. ही तुटलेली जागा भरून काढण्याचे काम पृथ्वीवरील मनोऱ्याऐवजी आकाशातील मनोऱ्याने करावे, या कल्पनेतून उपग्रह-संदेशक जन्मास आले.

या यंत्राचे काम समजण्यास कठीण नाही. शंभरेक ग्रॅम वजनाचे हे यंत्र प्रथम जीपीएस उपग्रहांचे संकेत ऐकून आपण कोठे आहोत हे ठरवते. नंतर ते स्थान आणि चार शब्दांचा निरोप ते दळणवळणाच्या उपग्रहाकडे धाडते. इरिडियम या व्यवस्थेचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येक उपग्रह साधारण १०० मिनिटांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालतो. एक क्षितिजाखाली गेला, तर दुसरा वर येतो. निरोप एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जात जात जमिनीवरील केंद्रात उतरतो. तेथील माणसे अपघातस्थळाच्या देशातील पोलिसांस अथवा बचावपथकास कळवतात. इतक्या दूर पोहोचणारी खिशातील यंत्राची शक्ती अल्प असते. म्हणून निरोप थोडक्यात द्यावयाचा आणि आकाश मोकळे हवे. सह्याद्रीच्या अरुंद घळीत जे अवघड, ते दौंडच्या मोकळ्या माळावर सोपे आहे.

संकटाची हाक आकाशामार्गे नेण्याचा प्रघात याहून जुना आहे. कोस्पास-सारसॅट ही व्यवस्था अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या ऐन काळात मिळून उभारली. १९८२ च्या सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघांचे प्राण तिने वाचवले. भारतही या व्यवस्थेत सहभागी असून तिची आपल्याकडील भूकेंद्रे बंगळूर व लखनौ येथे आहेत.

असे असताना शिरूरच्या वाटेवरील सायकलस्वाराने हे यंत्र का बाळगू नये? याचे उत्तर कायद्यात आहे. जीपीएस यंत्र घरातील रेडिओप्रमाणे केवळ ऐकते. उपग्रह-संदेशक मात्र बोलतो. बिनतारी संदेश पाठविणाऱ्या यंत्रास सरकारचा परवाना हवा, हे तत्त्व १८८५ चा तारायंत्र कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांनी घालून दिले व २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ते राखले. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी उपग्रह-फोन वापरला होता. त्यानंतर या यंत्रांकडे अधिकच कठोर दृष्टीने पाहिले जाऊ लागले. यास्तव परदेशी असलेल्या मुलाने प्रेमाने पाठविलेले असे यंत्र परवान्यावाचून जवळ बाळगणे हा येथे गुन्हा ठरू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशास अशाच खिशातील यंत्रापायी पोलीस चौकशीस तोंड द्यावे लागले. काही नव्या मोबाइलमध्ये २०२२ पासून आलेली उपग्रहमार्गे मदत मागण्याची सोयदेखील भारतात चालत नाही.

यात एक विसंगती मनास लागते. परदेशांशी उपग्रहाद्वारे बोलण्याचे भारताचे पहिले व्यापारी भूकेंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभी याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उभे राहिले आणि त्यास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. शिरूरला लागून असलेल्या तालुक्यातून सातासमुद्रापार शब्द गेला. पण शिरूरच्या शिवारात पडलेल्या माणसाचा शब्द त्या मार्गाने जाऊ शकत नाही.

तरीही वाट अगदीच बंद नाही. समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमारांसाठी भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१० पासून संकटसूचक यंत्रे चालविली. २०२४ मध्ये तिने त्यांची दुसरी आवृत्ती आणली; तिच्यात हाक पोहोचल्याची पोच मच्छीमारास परत मिळते. आपले ऐकले गेले आहे, हे कळण्यानेच संकटातील माणसास केवढा धीर येतो! त्याच वर्षी भारत संचार निगमने व्हायासॅट या कंपनीच्या सहकार्याने सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत मोबाइलवरून निरोप पाठविण्याची चाचणी करून दाखविली. मच्छीमारास जे मिळाले, ते परवान्याच्या चौकटीत राहून डोंगरातील गिर्यारोहकास, मेंढपाळास आणि सायकलस्वारासही मिळावे, ही मागणी अवाजवी नव्हे.

तोवर घराने स्वतःच आपली साखळी बांधावी. कारण उपग्रह हा त्या साखळीतील एकच दुवा आहे. एका टोकास वाट पाहणारे माणूस आणि दुसऱ्या टोकास धावून येणारे माणूस नसेल, तर तो दुवा निरुपयोगी होय. निघताना वाटेतील गावांची नावे व पोहोचण्याच्या वेळा लिहिलेला कागद घरी ठेवावा. शिरूर, न्हावरे, पारगाव, चौफुला अशा ठरलेल्या ठिकाणांहून निरोप द्यावा. न्हावऱ्याचा निरोप आला आणि पारगावचा ठरल्या वेळेनंतर तासभर आला नाही, तर शोध कोणत्या पट्ट्यात घ्यावयाचा हे घरच्यांस तत्काळ समजते. कोणताही उपग्रह याहून फारसे अधिक सांगत नाही.

स्वाराने स्वतः लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. आपल्या कंपनीचा संकेत नसला, तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा मनोरा पोहोचत असल्यास ११२ क्रमांक लागू शकतो. म्हणून रेघा दिसत नसल्या तरी तो लावून पाहावा. बोलणे तुटत असेल, तर लिखित निरोप क्षीण संकेतावरही जाण्याचा संभव अधिक. चालवेल इतपत बळ असेल, तर उंचवट्यावर जावे. दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवावीत, रक्तगट लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी आणि अंधार पडल्यावर आडवाटेने एकट्याने जाऊ नये. घरच्यांनीही हे जाणावे, की ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ यांखेरीज पुणे जिल्ह्यातील पुष्कळ गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. तिच्यावर केलेल्या एका दूरध्वनीने गावातील नोंदलेल्या सर्वांस एकाच वेळी सूचना जाते.

उद्या परवाना मिळेल आणि यंत्रही स्वस्त होईल. परंतु त्या दिवशीदेखील हाक आकाशातून फिरून अखेर उसाच्या बांधावरील एखाद्या शेतकऱ्याच्याच कानी पडणार आहे, आणि कंदील घेऊन प्रथम पोहोचणार तोही तोच. म्हणून शिरूर-दौंडच्या वाटेने जाणाऱ्याने चहाला थांबावे, चार शब्द बोलावेत आणि आपण कोणत्या वाटेने पुढे चाललो आहोत, हे सांगून निघावे.